टी-ए, टी-बी, टी-सी आणि मग एकदम टी-३: हायगेन्सच्या रेडिओचं प्रकरण

कॅसिनी यानाने टायटनच्या, म्हणजे शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्राच्या, शेजारून जेवढ्या वेळा मुद्दाम चक्कर मारली त्या प्रत्येक भेटीला एक क्रमांक आहे. यादी वरून वाचत आलं की एक गंमत दिसते. ऑक्टोबर २००४ मधली भेट टी-ए, डिसेंबरातली टी-बी, जानेवारी २००५ मधली टी-सी, आणि त्यानंतर फेब्रुवारीत एकदम टी-३. मग टी-४, टी-५ असं सरळ शंभराच्या पुढे. टी-१ आणि टी-२ कुठे आहेत?

त्या भेटी झाल्याच नाहीत. मूळ आराखड्यातल्या त्या दोन भेटी काढून टाकून त्यांच्या जागी तीन नव्या घातल्या गेल्या, आणि पुढचे क्रमांक बदलायला लागू नयेत म्हणून नव्यांना अक्षरं दिली. शस्त्रक्रियेनंतर अंगावर टाके दिसावेत तशी ही अक्षरं आहेत. शस्त्रक्रिया का करावी लागली, रोग कुठे होता आणि कापलं कुठे, हे या प्रकरणात पाहायचं आहे. सिस्टिम्स इंजिनिअरिंग, म्हणजे अनेक भागांची गुंतागुंतीची यंत्रणा एकत्र चालवण्याचं शास्त्र, शिकवताना मंगळावर हरवलेल्या यानाचं आणि एककांच्या गोंधळाचं उदाहरण हमखास देतात. मला कॅसिनीसोबत जाऊन टायटनवर उतरलेल्या हायगेन्स यानाचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण इथे चूक वेळेत सापडली, त्यामुळे ती सुधारताना लोकांनी डोकं कसं चालवलं तेही बघायला मिळतं.

मोहीम थोडक्यात

कल्पना १९८२ सालची. शनीभोवती फिरणारं एक यान आणि टायटनच्या वातावरणात उतरणारं एक छोटं यान अशी जोडी युरोपीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून सुचवली. १९८८ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने, म्हणजे ईएसएने, उतरणाऱ्या यानाची जबाबदारी घेतली. त्याचं नाव हायगेन्स. परिक्रमा करणारं कॅसिनी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीकडे, म्हणजे जेपीएलकडे आलं, आणि कॅसिनीचा चार मीटर व्यासाचा मोठा अँटेना इटलीच्या अंतराळ संस्थेने दिला. १५ ऑक्टोबर १९९७ ला जोडी उडाली. शुक्राजवळून दोनदा, पृथ्वीजवळून एकदा आणि गुरूजवळून एकदा वेग उसना घेत ती १ जुलै २००४ ला शनीच्या कक्षेत शिरली.

हायगेन्स एकट्याने पृथ्वीशी बोलू शकत नव्हतं. सव्वातीनशे किलोच्या आतबाहेरचं यान, बॅटरीवर चालणारं, काही तासांचं आयुष्य. त्याने पॅराशूटखाली लोंबकळत खाली येताना जे मोजायचं, जे फोटो काढायचे, ते रेडिओवरून वर कॅसिनीला सांगायचं. कॅसिनीने आपला मोठा अँटेना टायटनकडे वळवून ते ऐकायचं, साठवायचं, आणि नंतर अँटेना पृथ्वीकडे फिरवून पाठवायचं. सगळं मिळून एकच संधी. टायटनवरून पृथ्वीपर्यंत संदेश यायलाच सव्वा तासाच्या आसपास लागतो, म्हणजे काही बिघडलं तर कळेपर्यंत बराचसा खेळ संपलेला असणार.

हायगेन्सचं बोलणं ऐकणारा रिसीव्हर मात्र कॅसिनीवर बसवलेला होता. हे लक्षात ठेवायला हवं. बनवला युरोपात, ईएसएच्या कंत्राटाखाली, एका उपकंत्राटदाराने. बसला अमेरिकी यानावर. ऐकायचं युरोपीय यानाला. तीन संस्था, त्यांच्यामध्ये कंत्राटांची उतरंड, आणि नेमका सांध्यावर बसलेला हा एक डबा. जेपीएलच्या दृष्टीने ते ‘त्यांचं’ उपकरण. हायगेन्स बांधणाऱ्यांच्या दृष्टीने ते आपल्या यानावर नसलेलं उपकरण. रिसीव्हरच्या आतला तपशील हा उत्पादकाचा व्यावसायिक ऐवज, त्यामुळे तो सगळ्यांच्या टेबलावर पसरून पाहिलाही गेला नव्हता.

चूक काय होती

इथे थोडं थांबून आकडे करून पाहू, कारण गोम सगळी आकड्यांतच आहे.

आपल्याकडे येणाऱ्या वाहनाचा भोंगा चढा ऐकू येतो आणि दूर जाणाऱ्याचा उतरता, हा डॉप्लर परिणाम शाळेत शिकलेला असतो. मूळ आराखड्यात कॅसिनी टायटनकडे सेकंदाला साधारण साडेपाच किलोमीटर वेगाने येत असताना हायगेन्सला ऐकणार होतं. प्रकाशाच्या वेगाशी तुलना केली तर हे प्रमाण लाखात दोनाहूनही थोडं कमी. हायगेन्सच्या ए आणि बी या दोन रेडिओ वाहिन्यांपैकी एकीची वाहक लहर, म्हणजे जिच्यावर बसून संदेश येतो ती मूळ रेडिओ लहर, २०४० मेगाहर्ट्‌झची. तिला लाखात दोनाच्या हिशेबाने गुणलं की सुमारे ३७ ते ३८ किलोहर्ट्‌झचा फरक पडतो. हा फरक सगळ्यांना दिसत होता. अपेक्षांच्या कागदांत तो होता, रिसीव्हर तेवढं सरकलेलं स्टेशन शोधून काढायला सक्षम होता, चाचण्यांत तो पास झाला होता.

पण डॉप्लर फक्त वाहक लहरीला लागत नाही. त्या लहरीवर बसून जे काही येतं त्या सगळ्याला तेवढ्याच प्रमाणात लागतो. हायगेन्स सेकंदाला ८१९२ बिट पाठवणार होतं. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून ते सांकेतिक रूपात दुप्पट होऊन सेकंदाला १६,३८४ चिन्हं जात. कॅसिनी जवळ येत असल्यामुळे ही चिन्हंसुद्धा किंचित दाटीने येणार. किती दाटीने? तोच लाखात दोनाचा हिशेब: सेकंदाला ०.३ चिन्ह जास्त.

०.३. वाचताना डोळा सरळ पुढे जातो. ३८ हजारांच्या शेजारी ०.३ म्हणजे काहीच नाही. माझा अंदाज असा की जिथे कुठे हा आकडा कोणाच्या नजरेखालून गेला असेल तिथे तो असाच पुढे सरकला असेल.

आता रिसीव्हरच्या बाजूने पाहा. येणाऱ्या चिन्हांच्या ठोक्याशी आपला ठोका जुळवून घेणारा एक भाग रिसीव्हरमध्ये असतो, त्याला बिट सिंक्रोनायझर म्हणतात. तबल्याच्या ठेक्यावर टाळ धरणाऱ्यासारखं त्याचं काम आहे. समोरचा थोडा पुढेमागे झाला तर टाळकरी सावरून घेतो, पण सावरून घेण्याची त्याची एक मर्यादा असते. ही मर्यादा जितकी अरुंद ठेवाल तितका तो गोंगाटाने कमी विचलित होतो, म्हणून अशक्त सिग्नलसाठी ती अरुंद ठेवणं चुकीचं नाही. इथे ती इतकी अरुंद ठेवली गेली होती की डॉप्लरने सरकलेला ठोका तिच्यात मावत नव्हता. अडीच तासांच्या उतरणीत सव्वासात कोटींच्या आसपास बिट जाणार, त्यात डॉप्लरमुळे पडणारा एकूण फरक तेरा-चौदाशे बिटांचा. पण सिंक्रोनायझरला तेवढे बिट गमावून बाकीचे वाचवता येत नाहीत. एकदा ठोका निसटला की पुढच्या बिटांच्या चौकटीच चुकतात, आणि सगळ्या संदेशाचा काला होतो.

म्हणजे स्टेशन अचूक लागलं होतं, आवाज खणखणीत येत होता, आणि शब्द एकही कळत नव्हता, असं झालं असतं.

यात सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ही की मर्यादा ठरवणारे आकडे रिसीव्हरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आत पक्क्या बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होते. उड्डाणाआधी ते बदलणं किरकोळ काम होतं. उड्डाणानंतर तिथे हात पोहोचवण्याची कोणतीही सोय ठेवलेली नव्हती.

टप्पे पार पडत गेले, प्रश्न तसाच राहिला

अंतराळ प्रकल्पाचं आयुष्य टप्प्यांत कापलेलं असतं. नासात त्यांना फेज ए, बी, सी अशी नावं, ईएसएत एक शून्यावा टप्पाही असतो. पण क्रम तोच: कल्पना, प्राथमिक आराखडा, अंतिम आराखडा आणि बांधणी, जुळणी आणि चाचणी, उड्डाण, प्रत्यक्ष काम, आवराआवर. दोन टप्प्यांच्या मध्ये आढावा बैठका. प्राथमिक आराखड्याचा आढावा म्हणजे पीडीआर, अंतिम आराखड्याचा सीडीआर. प्रत्येक बैठकीचा अर्थ एकच: आतापर्यंतचं काम पाहता पुढे पैसे घालावेत का? या दारातून एकदा पुढे गेलं की मागे येणं महाग पडतं.

कामाचं चित्र इंग्रजी व्ही अक्षरासारखं काढायची पद्धत आहे. डावीकडून खाली उतरताना मोठी अपेक्षा तुकड्यांत मोडत जाते: मोहिमेला काय हवं, मग यानाला काय हवं, मग रेडिओला, मग रिसीव्हरला, मग सिंक्रोनायझरला. तळाशी वस्तू बनते. उजवीकडून वर चढताना तुकडे जोडले जातात आणि प्रत्येक पायरीवर डावीकडच्या त्याच पायरीवरच्या अपेक्षेशी ताडून पाहिले जातात.

हायगेन्सच्या रेडिओचं काय झालं? डाव्या बाजूने उतरताना ‘कॅसिनी वेगाने येत असेल’ ही गोष्ट वाहक लहरीपर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली. ठोक्यापर्यंत उतरलीच नाही. उजव्या बाजूने चढताना सगळ्यात वरची पायरी गाळली गेली. हायगेन्ससारखा सिग्नल, टायटनवर असेल तसा डॉप्लर सगळ्या थरांना लावून, खऱ्या रिसीव्हरला ऐकवायचा आणि बाहेर डेटा नीट येतो का पाहायचं, अशी टोकापासून टोकापर्यंतची चाचणी उड्डाणाआधी झाली नाही. ती करायची तर जुळवलेले भाग काही प्रमाणात सोडवावे लागले असते, मग पुन्हा जोडून पुन्हा प्रमाणित करावे लागले असते. वेळ आणि पैसा दोन्ही. त्या घडीला तो निर्णय घेणाऱ्यांना मूर्ख ठरवणं फार सोपं आहे. जुळणी झालेलं यान पुन्हा उघडण्यात स्वतःचा धोका असतो, आणि शनीकडे जाण्याच्या उड्डाणाची खिडकी कोणाची वाट पाहत नाही. तरीही माझं मत असं की अशी चाचणी वगळायचीच असेल तर तिने जे पकडलं असतं त्याची यादी करून ती जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकायला हवी होती. वगळलेली चाचणी कोणाच्याच नावावर नसते.

पुढच्या प्रवासात दर सहा महिन्यांनी हायगेन्स जागं करून तपासलं जाई. सगळं उत्तम. पण तेव्हा ते कॅसिनीला चिकटलेलं होतं आणि बोलणं तारेतून व्हायचं. रेडिओचा प्रश्नच यायचा नाही. हिरवे दिवे लागत होते, ते दुसऱ्याच कशासाठी.

बोरिस स्मेड्सचा हट्ट

जर्मनीतल्या डार्मस्टाट इथे ईएसएचं यानसंचालन केंद्र आहे. तिथे बोरिस स्मेड्स नावाचे स्वीडिश रेडिओ अभियंते होते. यान उडून गेल्यावर हायगेन्सच्या रेडिओ दुव्याची निदान एकदा तरी खरी चाचणी व्हावी असं त्यांना आणि हायगेन्सच्या संचालनाची जबाबदारी असलेल्या क्लाउडिओ सोलाझो यांना वाटत होतं. पृथ्वीवरून हायगेन्सचं सोंग घ्यायचं, कॅसिनीवरच्या रिसीव्हरला सिग्नल पाठवायचा, आणि त्याने काय ऐकलं ते कॅसिनीकडून परत मागवायचं.

सुरुवातीला विचारात होती ती साधी चाचणी. वाहक लहर पाठवा, रिसीव्हरने पकडली की नाही बघा, संपलं. स्मेड्सना ती पुरेशी वाटेना. त्यांचा आग्रह होता की सिग्नल पूर्ण हवा, आत डेटा हवा, त्याची ताकद कमी-जास्त करता यायला हवी, आणि डॉप्लर लावायचा तर तो नुसत्या वाहक लहरीला नाही, डेटाच्या ठोक्यालाही लावायला हवा. प्रस्ताव आधी नाकारला गेला. जास्त गुंतागुंत, जास्त मेहनत, आणि सापडणार काय? रिसीव्हर तर चालतोच आहे. दोघांनी तो धरून ठेवला, हायगेन्सचे प्रकल्प-शास्त्रज्ञ झाँ-पियेर लेब्रेताँ पाठीशी उभे राहिले आणि शेवटी परवानगी मिळाली.

फेब्रुवारी २००० मध्ये स्मेड्स कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या गोल्डस्टोनला गेले. नासाच्या दूर-अंतराळ जाळ्यातला ३४ मीटरचा एक अँटेना त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. कॅसिनी तेव्हा पृथ्वी मागे टाकून गुरूच्या वाटेवर होतं. सिग्नल सोडायचा, तो तिथे पोहोचेपर्यंत थांबायचं, रिसीव्हरने काढलेला डेटा परत येईपर्यंत पुन्हा थांबायचं, मग एक खुंटी थोडी पिळायची आणि परत सोडायचा.

वाहक लहर पकडली जात होती. डॉप्लर न लावता डेटा ठीक येत होता. ठोक्याला डॉप्लर लावला की परत आलेले बिट फाटलेले. ताकद वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. ते फाटणं काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी जास्त, पण टायटनवर अपेक्षित असलेल्या परिस्थितीत डेटा भरवशाने निघत नव्हता. ती चाचणी आखताना स्मेड्सना उत्तर आधी माहीत होतं असं नाही. त्यांनी फक्त सोंग खऱ्याइतकं खरं ठेवलं होतं.

‘पडताळणी’ आणि ‘प्रमाणीकरण’ हे दोन शब्द या क्षेत्रात रोज वापरले जातात आणि रोज एकमेकांत मिसळले जातात. पहिल्याचा अर्थ, कागदावर लिहिलं तसं बनलं का. दुसऱ्याचा अर्थ, जे बनलं त्याने काम भागतं का. रिसीव्हरची पडताळणी ढीगभर झाली होती. त्याचं प्रमाणीकरण पहिल्यांदा झालं ते यान घर सोडून सव्वादोन वर्षं झाल्यावर, तेही एका माणसाच्या चिकाटीमुळे.

उपाय कुठे शोधायचा

पुढचे काही महिने निष्कर्ष नक्की करण्यात गेले. २००० च्या अखेरीस ईएसएच्या चौकशी मंडळाचं काम झालं आणि जानेवारी २००१ मध्ये ईएसए आणि नासाने मिळून एक संयुक्त गट बसवला: हायगेन्स रिकव्हरी टास्क फोर्स. त्यांच्याकडे वेळ भरपूर होता. टायटन अजून चार वर्षं लांब. हातात साधनं मात्र जेवढी यानावर होती तेवढीच.

रिसीव्हर दुरुस्त करता येत नाही, इथून सुरुवात. मग त्याला नीट ओळखून घ्या. गटाने मोजमापं करून काढलं की ठोका निसटणं तीन गोष्टींवर अवलंबून आहे: ठोका किती सरकलाय, गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती सशक्त आहे, आणि डेटात शून्य-एकाची अदलाबदल किती वारंवार होते. या तिन्हींचा नकाशा काढला की काही प्रदेश सुरक्षित निघतात, काही नाही. मोहीम सुरक्षित प्रदेशातून कशी न्यायची, एवढाच प्रश्न उरला.

आणि इथे मला हे प्रकरण खरोखर आवडतं. दोष एका इलेक्ट्रॉनिक डब्यात होता. उत्तर सापडलं कक्षेच्या भूमितीत.

डॉप्लर संपूर्ण वेगामुळे होत नाही. आपल्या दिशेने असलेल्या वेगाच्या भागामुळे होतो. रेल्वे रुळांच्या अगदी कडेला उभं राहून येणारी गाडी ऐकली तर भोंग्यातला बदल मोठा. रुळांपासून खूप लांब शेतात उभं राहिलं तर तीच गाडी, तोच वेग, पण बदल सौम्य, कारण ती आपल्याकडे येत नसते, आपल्या समोरून आडवी जात असते. मूळ आराखड्यात कॅसिनी टायटनपासून फक्त १२०० किलोमीटरवरून जाणार होतं, म्हणजे उतरणीभर जवळजवळ सरळ हायगेन्सच्या अंगावर येत राहणार. तेच यान साठ हजार किलोमीटरच्या आसपास लांबून नेलं तर हायगेन्सला ते आडवं जाताना दिसेल. वेग तेवढाच, डॉप्लर कमी.

एवढ्या लांबून सिग्नल ऐकू येईल का, ही शंका रास्त आहे. पण जुन्या आराखड्यातही कॅसिनी १२०० किलोमीटरवर पोहोचणार होतं ते नंतर. हायगेन्स बोलत असताना ते बरंच मागे, हजारो किलोमीटर लांबच असणार होतं. दुवा त्या अंतराच्या हिशेबानेच बांधलेला होता. ही पूर्वी ठेवलेली ऐपत इथे कामी आली.

अडचण दुसरीकडे होती. शनीभोवतीची फेरी म्हणजे टायटनच्या ओढीवर बेतलेली झोक्यांची माळ. एक भेट बदलली की पुढची प्रत्येक बदलते, आणि त्या चार वर्षांच्या माळेवर कॅसिनीच्या १२ उपकरणांच्या शास्त्रज्ञांनी सगळं वेळापत्रक बांधलेलं. म्हणून पहिल्या दोन मोठ्या फेऱ्यांच्या जागी तीन छोट्या फेऱ्या आखल्या. हायगेन्सला नोव्हेंबर २००४ ऐवजी डिसेंबरात सोडायचं, जानेवारीत उतरवायचं, आणि फेब्रुवारीच्या भेटीला कॅसिनी जुन्या माळेत अलगद परत घालायचं. तीच ती टी-३. इंधनाच्या राखीव साठ्यातला चांगला मोठा भाग यात जाणार होता. तो साठा कोणीतरी वर्षांपूर्वी ‘कशाला लागेल सांगता येत नाही’ म्हणून जपला होता, म्हणूनच तो इथे देता आला.

भूमितीने बहुतेक काम केलं. उरलेल्यासाठी आणखी दोन युक्त्या. एक, हायगेन्सची यंत्रणा वातावरणात शिरण्याआधी चार तासांहून जास्त आधी सुरू करायची, म्हणजे आतलं स्फटिक-घड्याळ तापून त्याचा ठोका हवा त्या बाजूला किंचित सरकेल. ०.३ च्या गोष्टीत किंचितसुद्धा मोलाचं. दुसरी, रिसीव्हरला अशा चाचणी-अवस्थेत ठेवायचं की तो डॉप्लर शून्य आहे असं धरून चालेल. चाचणीसाठी ठेवलेलं एक जुनं बटण, त्याचा असा उपयोग होईल असं ते ठेवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. २००१ च्या मध्याला हा आराखडा मंजूर झाला.

जागा मोजली तर बदल झाले ते यानाच्या मार्गात, इंधनाच्या हिशेबात, बॅटरीच्या वेळापत्रकात, घड्याळाच्या तापमानात आणि शास्त्रज्ञांच्या दिनदर्शिकेत. ज्या डब्यात दोष होता त्याला कोणी हात लावला नाही.

१४ जानेवारी २००५

२५ डिसेंबर २००४ ला हायगेन्स सुटलं आणि तीन आठवड्यांनी टायटनच्या धुक्यात शिरलं. सुमारे अडीच तास खाली येत राहिलं, जमिनीला टेकलं, आणि त्यानंतरही ७२ मिनिटं कॅसिनीने त्याचं बोलणं ऐकलं, कॅसिनी टायटनच्या क्षितिजाखाली जाईपर्यंत. बी वाहिनीचा डेटा इतका स्वच्छ आला की गोल्डस्टोनच्या फाटक्या बिटांची आठवण कोणाला राहिली नसती तरी चाललं असतं.

ए वाहिनी रिकामी निघाली.

दोन वाहिन्या मुळात एकमेकींच्या आधारासाठी होत्या. बहुतेक तोच डेटा, बी वर काही सेकंद उशिराने, म्हणजे एकीत क्षणभर खंड पडला तर दुसरीतून भरून काढता यावा. पण प्रकल्प पुढे सरकतो तसं आधाराच्या गोष्टींवर लोकांचा डोळा जातो. फोटो दुप्पट मिळावेत म्हणून ते दोन वाहिन्यांत वाटून टाकले होते. वाऱ्याचा वेग मोजणारा प्रयोग तर फक्त ए वर होता, कारण त्याला लागणारं अतिस्थिर घड्याळ त्या वाहिनीला जोडलेलं. कॅसिनीच्या बाजूचं त्याच्या जोडीचं घड्याळ सुरू करण्याची आज्ञा कॅसिनीला पाठवलेल्या आज्ञाक्रमात राहून गेली होती. एक ओळ. चूक आपल्या बाजूची, हे ईएसएने मान्य केलं. अपेक्षित ७०० च्या आसपास फोटोंपैकी साडेतीनशे हाती आले.

पाच वर्षं सगळ्यांचं लक्ष एका डब्याच्या एका दोषावर होतं. तो दोष बांधणीच्या टप्प्यातला, हा संचालनाच्या टप्प्यातला. पण घराणं एकच: टोकापासून टोकापर्यंत कोणीतरी चालून पाहिलं असतं तर दोन्ही सापडले असते. पहिल्याच्या वेळी स्मेड्स होते.

वाऱ्याचा प्रयोग मात्र पूर्ण बुडाला नाही. ए वाहिनीची वाहक लहर हायगेन्सने व्यवस्थित पाठवली होती. कॅसिनीचा कान बंद होता एवढंच. अमेरिकेतल्या ग्रीन बँक आणि ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी त्या वेळी टायटनकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना शब्द कळण्याइतका सिग्नल जोरकस नव्हता, पण त्या लहरीचा सूर ऐकू येत होता. हायगेन्स वाऱ्याने जिकडे वाहत जाईल तसा तो सूर डॉप्लरने चढत-उतरत होता, आणि त्यावरून वारा काढता आला: १२० किलोमीटर उंचीवर ताशी ४०० किलोमीटरहून जास्त, त्याखाली ६० ते १०० किलोमीटरच्या पट्ट्यात अचानक जवळजवळ थांबलेला, आणि जमिनीजवळ अगदी मंद. कॅसिनी क्षितिजाखाली गेल्यावरही दुर्बिणी ऐकतच होत्या. टायटनच्या जमिनीवर बसून हायगेन्स तीन तासांहून जास्त वेळ तो एक सूर लावून होतं.